भाईदास आबांचा होकार

जुना ट्रक कसा नटवायचा, हे मला कोणी शिकवू नये! मोबाइलवर जमिनीलगत सरपटणारे जुने ट्रक बघून बघून मीही आमच्या छोट्या ट्रकचे मागचे कमानपाटे कमी केले. गाडी झकास खाली बसली. पण शॉकअपला हलायला जागाच उरेना! मग हौद्याच्या फळीला भोक पाडून शॉकअपचं वरचं टोक थेट मागच्या लोखंडी बाकाला वेल्ड करून टाकलं.

“बाकाला?” आमची मंदा किंचाळली. “अहो, उद्या त्यावर पाहुणे बसणार आहेत!”

“म्हणून तर! गादीवर बसल्यासारखे येतील.”

पुतणी ज्योत्स्नाला योगराज पसंत होता, त्याला ती. घोडं अडलं होतं त्याच्या वडिलांपाशी. साक्रीचे भाईदास आबा ना हो म्हणत, ना नाही. पोरगी झुरत चालली होती. म्हणून शेतात भरीत पार्टी ठेवली. भरीत आणि कळण्याच्या पुरीपुढे भलेभले विरघळतात!

बोदवड स्टेशनवरून पाहुण्यांना घेतलं. आबांना अर्थातच मानाची जागा, बरोब्बर शॉकअपच्या वर!

शेताचा रस्ता लागला. मागून मंदाचा आवाज आला, “आबा, पोरगी आवडली ना?”

आरशात बघतो तर आबांची मान जोरजोरात हलतेय!

“साखरपुडा याच महिन्यात?”

पुन्हा हलली!

“आणि लग्नानंतर ती बीएड करेल, चालेल ना?”

आता तर थांबेचना!

मी हॉर्न वाजवतच शेतात शिरलो. “जमलं हो, जमलं!” वांगी भाजणाऱ्या बायका विस्तव सोडून धावल्या. आबा उतरतात न उतरतात तोच मी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

आबांनी कंबर धरून तो कसाबसा गिळला. “मी कधय हो म्हनं? तुमनी गाडीच माले हालाडी ऱ्हायंती!”

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. मला तर ट्रकखाली लपावंसं वाटलं, पण तिथेही जागा ठेवली नव्हती!

ज्योत्स्नानेच डोळे पुसले, आबांच्या पाठीशी गोधडीची घडी ठेवली आणि पानात गरम भरीत वाढलं. दुसऱ्या पुरीला आबा बोलले, “पोर गुणी शे. मना होकार शे. पन जाताना मी पायी जासू!”

मग सगळेच पायी निघाले. मागून रिकामा ट्रक घेऊन मी एकटा. मंदा खिडकीशी आली.

“उद्या पाटे परत टाकणार ना?”

मी ठणकावून नाही म्हणणार, तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं. सगळ्यांदेखत माझी मान गदागदा हलली.

“चला,” आबा म्हणाले, “यास्ना बी होकार शे!”