मळीच्या टाकीवरचे दरेकर अण्णा

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आहे. श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत टाकीभर यीस्ट मेलं, ते मी मारलं. नाव लागलं दरेकर अण्णांचं.

अण्णा आमचे वरिष्ठ केमिस्ट. मळी आंबवायच्या टाकीला दहा पायऱ्यांची लोखंडी शिडी होती. ती ते कधी सरळ चढले नाहीत. यीस्टची पेशी साखर फोडते तीही दहा पायऱ्यांत, म्हणून अण्णा शिडीवर तेच करून दाखवत. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर थांबून धापा टाकत. "हितं पेशी पदरची ताकद घालती. आदी घालायचं, मग मिळायचं." चौथीवर हवेत काडी मोडत. "तुटली साखर. सहा कार्बनचे तीन-तीन झाले." सातव्या आणि दहाव्या पायरीवर पेशीला घातलेल्याच्या दुप्पट परत मिळे, तिथे चेहरा उजळे. खाली मजूर ताटकळत.

"अण्णा, चढा की वो."

"तुझ्या पोटातली भाकर बी ह्याच वाटंनं चाललीय. तिला म्हन, चढ लवकर."

लग्नाच्या पंगतीत जिलबी गिळून ते घड्याळ बघत, आता कितवी पायरी चालू असेल म्हणून.

त्या दिवशी मला पारनेरला मुलगी बघायला जायचं होतं. एसटी गाठायची घाई. उकळलेली मळी निवली का ते बघून, वहीत तापमान लिहून मगच यीस्ट सोडायचं असतं. मी थर्मामीटर खिशातून काढलाच नाही, गरम मळीतच यीस्ट सोडलं.

दुसऱ्या दिवशी टाकीत एक बुडबुडा नव्हता. अण्णा शिडी एका दमात चढले. साहेब आले तेव्हा म्हणाले, "नजरचूक माझी." त्यांना उसाच्या वजनकाट्यावर पाठवलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. साहेबांसमोर ते बोलले तेव्हा मी शेजारीच, खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो.

गेल्या महिन्यात सावेडीला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दोनदा जायला उठलो, दोनदा परत बसलो. शेवटी बोलून टाकलं.

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "वहीत तापमानाचा रकाना कोरा हुता. मीच भरला, माझ्या अक्षरात."

"मग बोलला का नाही?"

"तुझं लगीन जमत हुतं. नोकरी गेल्यावर कुनी पोरगी दिली असती?" त्यांनी चहाचा कप उगाच फिरवला. "मला घरी इचारनारं कोन हुतं? ही गेल्याला दोन वर्सं झाल्ती. टाकीला कान लावला की आत खदखद ऐकू यायची. तेवढंच जवळ कायतरी जित्तं हाय असं वाटायचं. काट्यावर नुसते ट्रक." मग म्हणाले, "सूनबाई बरी हाय ना?"

मी आता त्याच डिस्टिलरीचा मुख्य केमिस्ट आहे. नव्या माणसांना जुने लोक अजून सांगतात, दरेकरांसारखं यीस्ट मारू नका. मी ऐकतो आणि पुढे जातो. त्या सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे.