गुरुजींचा तिसरा नकार

"अरे, खुर्ची मागायची नसते! तीच आपल्या मागे आली पाहिजे, गायीमागे वासरू येतं तशी!"

म्हातारे अध्यक्ष हे बोलले तेव्हा न्हाव्यासमोर बसले होते. अर्ध्या गालाला साबण होता. गुरुजींनी तेव्हा शाळेतली नोकरी नुकतीच सोडली होती आणि अध्यक्षांची पिशवी धरून ते शेजारी उभे होते.

"पहिल्यांदा नको म्हणायचं, हसून. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, छातीवर हात ठेवून. आणि तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून! मग बघ, लोकच उचलून बसवतात."

याच मंत्रावर अध्यक्ष असे बसले की उठवता उठवता पक्षाच्या नाकी नऊ आले. साबणाच्या फेसातून आलेला तो आवाज गुरुजींनी इतकी वर्षं अत्तराच्या फायासारखा कानात जपला होता.

आणि आज तो दिवस उजाडला होता! पक्षाने निवडणूक जिंकली होती. आता आमदारांनी आपला नेता निवडायचा आणि त्याने सरकार चालवायचं, एवढंच काय ते राहिलं होतं. पण पक्षात गट दोन. एक गुरुजींचा, एक ठेकेदारांचा. दोन्ही गटांनी पक्षाच्या कार्यालयाला आपापलं कुलूप ठोकलं होतं आणि आधी किल्ली कोण काढणार यावर चर्चा अडली होती. शेवटी बैठक गुरुजींच्या दिवाणखान्यात ठरली. "गुरुजींचं घर म्हणजे आपलंच घर!" असं ठेकेदार म्हणाले खरे, पण येताना स्वतःचा चहा थर्मासमधून घेऊन आले!

"आज दुपारी मी नेता!" सकाळी गुरुजींनी बाथरूमच्या आरशाला बजावलं. फक्त आरशाला. बायकोलासुद्धा त्यांनी मनातलं कळू दिलं नव्हतं. तिने विचारलं की म्हणायचे, "मला कशाला हवंय पद? ज्याला हौस असेल त्याने घ्यावं." इच्छा म्हणजे उघड्यावरचा कापूर, बोलून दाखवली की उडाली, अशी त्यांची पक्की समजूत.

नळ सोडून त्यांनी तालीम सुरू केली. हसरा नकार लगेच जमला. छातीवरचा हात जमला. डोळ्यांत मात्र पाणी येईना! मग त्यांनी निवडणुकीत हरलेल्या सगळ्या उमेदवारांची तोंडं आठवली, तरी काही नाही. स्वतःच हरलोय असं मनात आणलं मात्र, आणि हुंदकाच फुटला! "नको हो मला हे ओझं! मोकळं करा मला! पाया पडतो तुमच्या!" आवाज फरश्यांवर असा घुमला की त्यांनाच गहिवरून आलं.

दार उघडलं तर समोर बायको, हातात टॉवेल, डोळे भरलेले.

"काही बोलू नका," ती म्हणाली. "मला सगळं कळलं."

गुरुजी सुखावले. न सांगता मनातलं ओळखते, याला म्हणतात संसार!

तेवढ्यात निरीक्षक आले. पक्षाच्या वरिष्ठांनी त्यांना खास पाठवलं होतं. पूर्वी ते फुटबॉलचे पंच होते, गळ्यात अजून शिट्टी असायची आणि एकदा दिलेला निर्णय ते बदलत नसत. बायकोने त्यांना पाणी नेऊन दिलं. दाराच्या फटीतून गुरुजींनी पाहिलं, तर ती हात जोडून हळू आवाजात काहीतरी विनवत होती आणि निरीक्षक गंभीरपणे मान हलवत होते.

"माझ्यासाठी शब्द टाकतेय!" गुरुजी पुटपुटले. त्यांची छाती एवढी फुगली की जाकिटाचं एक बटण ताणून तिरकं झालं.

बैठक सुरू झाली. "नेता व्हायची कुणाची इच्छा आहे?" निरीक्षकांनी विचारलं. सगळे आमदार छताकडे बघू लागले, जणू नेता पंख्याला लटकलाय! मग ठरल्याप्रमाणे गुरुजींच्या गटातले वकील ताडकन उठले. "आमचे नेते गुरुजीच!"

गुरुजी हसले. "नको हो."

"गुरुजीच!" गट ओरडला.

हात छातीवर गेला. "नको. खरंच नको."

"गुरुजी! गुरुजी!"

आणि मग तो तिसरा! काय सांगावं त्या नकाराचं! आवाज फाटला, पाणी गालांवरून ओघळून मिशीत शिरलं. "मोकळं करा मला! पाया पडतो!" गट त्यांना उचलायला धावला. गुरुजींनी सोयीसाठी काखा थोड्या वर केल्या...

फुर्र्र्र! शिट्टी वाजली.

"मागे व्हा!" निरीक्षक गरजले. "माणूस रडतोय आणि तुम्ही जबरदस्ती करता? मला आतली माहिती आहे. यांच्यावर कुणीही दबाव आणायचा नाही!"

गुरुजींचं पाणी जागच्या जागी आटलं. "नाही, म्हणजे, पक्षाची अगदीच इच्छा असेल तर..."

"घाबरू नका, गुरुजी. मी आहे ना!"

इकडे ठेकेदारांच्या कानात 'आतली माहिती' हे शब्द खिळ्यासारखे बसले. "बघितलंत?" ते शेजाऱ्याला म्हणाले. "गुरुजींना वर काहीतरी मोठं कबूल झालंय! त्याशिवाय हा माणूस नको म्हणेल?" आणि त्यांचं नाव पुकारताच त्यांनी गालिच्यावर बसकणच मारली. "मलाही नको! माझी लायकीच नाही!"

"मान्य," निरीक्षक म्हणाले.

"मान्य काय? अहो, मी विनयाने..."

"पुढचे!"

मग नकारांची साथच पसरली. नको म्हणणाऱ्याला मोठं काही मिळतं, ही बातमी खुर्चीखुर्चीवरून सरकली. एकाला गुडघेदुखी आठवली, एकाला वैराग्य आलं. काल स्वतःच्या अभिनंदनाचे फलक रंगवून घेतलेले वकीलही म्हणाले, मला वाचनाला वेळ हवाय!

कोपऱ्यात दाताच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, कुठल्याच गटात नसलेल्या.

"तुम्हाला?" दमलेल्या निरीक्षकांनी विचारलं.

"हो."

"हो म्हणजे?"

"हवंय. कामाला कधी लागू?"

ठेकेदारांच्या थर्मासचं झाकण गडगडत गेलं, तेवढाच काय तो आवाज. मग शिट्टी वाजली, लांब. प्रस्ताव गुरुजींनी मांडायचा, अनुमोदन ठेकेदारांनी द्यायचं, असं ठरलं. "जरा हसा की!" डॉक्टरबाई म्हणाल्या. फोटोत दोघांचे दात फार छान आलेत.

दिवाणखाना रिकामा झाला. बायको पेले गोळा करता करता गुणगुणत होती.

"सुटलात की नाही?" ती म्हणाली. "सकाळी तुमचं रडणं ऐकलं मी. त्या साहेबांना हात जोडून सांगितलं, हे वरवरचं नको म्हणत नाहीत, आत खरंच रडतायत. त्यांना वाचवा."

गुरुजी मटकन खाली बसले.

"मला हवं होतं गं," ते म्हणाले.

"काय?"

"ते पद. फार हवं होतं."

"मग रडत का होतात?"

"तालीम करत होतो."

पेले होते तसे परत टेबलावर आले. बायको समोर बसली.

"अहो, मला तरी सांगायचं! म्हणजे तुम्हाला हवं असतं तेव्हा तुम्ही नको म्हणता?"

"बहुतेक वेळा."

"आणि माझ्या वडिलांनी लग्नाचं विचारलं तेव्हा? 'माझं काय, घरचे म्हणतील तसं,' म्हणाला होतात! शब्द न् शब्द आठवतो मला. आजवर तुमच्या घरच्यांचे उपकार मानत आले मी!"

'जाऊ दे तो विषय' हे गुरुजींच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"घरचे कसले? घरचे तर नाहीच म्हणत होते!" ते म्हणाले. "मी जेवण सोडून माळ्यावर जाऊन बसलो होतो. मला हवी होतीस तू!"