जिजाबाईंचा सांबार

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कामरगावात कोणाच्या लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की माणसं ती पत्रिका आधी मला आणून दाखवतात, मग नवरदेवाच्या बापाला. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाचं संपादन माझ्याकडे आलं, तेव्हा मी भर बैठकीत सांगून टाकलं, "यंदा अंकात चूक सापडणार नाही. सापडलीच, तर ती वाचणाऱ्याची असेल."

सहसंपादक होती पौर्णिमा. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता कारंज्याच्या एका शाळेत शिकवते. तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "सर, या खेपेस एआयची मदत घेऊ. तुमी लिवा, ते सुधारून देईन, मंग मी शेवटची नजर टाकतो."

"माझं लिवलेलं यंत्र सुधारून देईन?"

"तुमची वाक्यं लंबी असतात सर. वाचता वाचता मानूस दम खाते."

हे खरं होतं, म्हणून मी लेखाचे कागद तिच्याकडे सरकवले.

अंकातला मुख्य लेख जिजाबाईंवर होता. जिजाबाई आणि त्यांचे यजमान गुलाबराव गावाशेजारच्या मळ्यात भाजीपाला करतात. त्यांचा सांबार तर असा, की कारंज्याच्या बाजारात जीप थांबायच्या आत संपतो. अंकाच्या प्रकाशनाला त्यांचा सत्कारही ठरला होता. आता आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. हे मी तुम्हाला लगेच सांगून टाकलं. एआयला मात्र सांगितलं नाही.

त्यानं विचारलं नाही असं नाही. पौर्णिमानं माझा लेख टाइप करून आत घातला आणि पडद्यावर प्रश्न आला: "लेखातील सांबार म्हणजे एखादी भाजी, की इडलीसोबत खातात तो पदार्थ? कृपया स्पष्ट करावे."

पौर्णिमा चहा आणायला गेली होती. मला प्रश्नच अपमानास्पद वाटला. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ विचारतात? मी एका बोटानं टाइप केलं: "सांबार म्हणजे सांबार."

लेख सुधारून आला. खाली एक टीप होती: "'वाफ्यातला' आणि 'जुड्या' हे टंकनदोष असावेत असा अंदाज करून वाक्ये बदलली आहेत. छपाईपूर्वी तपासून घ्यावे." टीप काही लेखाचा भाग नव्हती, म्हणून मी ती खोडली. लेखाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले. एकही चूक नव्हती. एवढ्या शुद्ध लेखात अर्थाकडे कोण बघतो?

पौर्णिमानं घरी नेऊन शेवटची नजर टाकली. तिला दोन-तीन वाक्यं खटकली, हे तिनं मला नंतर सांगितलं. पण सरांनी काही विचार करून लिहिलं असेल, म्हणून ती बोलली नाही. मलाही छापील अंक चाळताना एक-दोन वाक्यं माझी नाहीत असं जाणवलं, तेव्हा वाटलं, पोरीनं मागून घातली असतील. तिचं मन कशाला मोडा?

अंक सभासदांना शुक्रवारीच वाटून टाकला. प्रकाशन सोमवारी होतं. रविवारी सकाळी जिजाबाईंचा फोन आला.

"गुर्जी, मळ्यात लोकं आले. वाट्या मांगून राह्यले."

"कायच्या वाट्या?"

"मले का माईत? तुमीच या."

मी सायकल काढली. मळ्याच्या बांधावर मंगरूळपीरहून आलेली जीप उभी होती. दोन कुटुंबं, लेकराबाळांसकट. त्यांच्यातले पुढारी धनराजभाऊ हातात आमचा अंक धरून उभे होते आणि गुलाबराव त्यांच्यासमोर हात जोडून. का जोडले होते, ते त्यांनाही माहीत नसावं.

"सांबार कुठं हाय?" धनराजभाऊंनी विचारलं.

"हा काय," जिजाबाई म्हणाल्या. "तुमी त्याच्यावरच उभे हा."

धनराजभाऊ झटकन बाजूला झाले. खाली पाहिलं. मग अंकात पाहिलं.

"मंग इडली?"

"कायची इडली?"

त्यांनी अंक माझ्या हातात दिला आणि मी माझाच लेख पहिल्यांदा नीट वाचला. 'वाफ्यातला हिरवागार सांबार' मी लिहिला होता, त्याचा झाला होता 'वाफाळता, चवदार सांबार'. 'सांबाराच्या जुड्या' होत्या, तिथे 'सांबाराच्या जोडीला इडल्या' आल्या होत्या. आणि जिजाबाई पहाटेपासून सांबार धुतात हे बहुधा एआयला पटलं नसावं, म्हणून त्या तो पहाटेपासून उकळत होत्या.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जिजाबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "वीस वर्सं झाले माती चिवडून राह्यलो. पयल्यांदा कोनी माह्यावर लिवलं. त्यात मी हाटेलवाली."

मी अंक मिटून धनराजभाऊंना परत दिला. जिजाबाईंनी आलेल्या प्रत्येकाला एकेक जुडी दिली. रिकाम्या पोटी, हातात कोथिंबीर घेऊन दोन्ही कुटुंबं जीपमध्ये बसली.

दुपारी पौर्णिमा आणि मी लॅपटॉपसमोर बसलो. तिनं एआयला घडलेलं सगळं सांगितलं. उत्तर आलं: "चूक माझीही आहे. उत्तर अस्पष्ट असताना मी अंदाजावर पुढे गेलो, पुन्हा विचारायला हवे होते."

"सर," पौर्णिमा म्हणाली, "त्यानं इचारलं तवा उत्तर कोनं देलं होतं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी शुद्धिपत्र करून आनतो," ती उठत म्हणाली. "पुरा लेख सुधारून. तवरोक तुमी कायलेच हात लावू नोका."

पण सोमवार तोंडावर आला होता, आणि शुद्धिपत्र हा तर माझा प्रांत. यंत्राला विचारलं नाही, पौर्णिमाला विचारलं नाही. छपाईवाल्याकडून चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि वाचनालयात उरलेल्या सगळ्या अंकांवर स्वतः चिकटवल्या: 'या लेखात सांबारऐवजी सर्वत्र कोथिंबीर असे वाचावे.'

सोमवारी प्रमुख पाहुण्यांनी त्यातलाच एक अंक उचलला. माणूस शिस्तीचा. आधी चिठ्ठी वाचली, मग चिठ्ठीबरहुकूम लेख.

"जिजाबाई पहाटेपासून कोथिंबीर उकळतात," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "त्यांची वाफाळती कोथिंबीर आणि जोडीला गरमागरम इडल्या खायला माणसं लांबून येतात."

पौर्णिमा सुधारलेल्या लेखाचे कागद छातीशी धरून दारातच थांबली. पाहुण्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबरावांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडलेलेच होते.

शेवटी जिजाबाई उठल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"मी सांबार लावतो," त्या म्हणाल्या. "उकळत नाही. ज्याले पाह्यजे त्यानं मळ्यात यावं. वाटी आनू नये."

एवढ्या टाळ्या माझ्या निरोप समारंभालाही पडल्या नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर गुलाबराव हळूच माझ्याजवळ आले. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घातली. पण ते आपुलकीनंच म्हणाले, "गुर्जी, पुढच्या साली कोनावर लिवनार हा?"

"सेवालालवर विचार आहे. त्याच्या शेळ्यांवर."

"मंग आताच सांगून ठेवतो त्याले," गुलाबराव म्हणाले. "अंक निंगाच्या आठवड्यात पाव्हन्याकडं जाय म्हनाव. शेळ्याही घेऊन जाय."