बरोबर उत्तर चालणार नाही

बरोबर उत्तर दिलं म्हणून वर्गात कुणी कुणावर चिडलेलं तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय, कारण माझ्यावरच चिडले होते. रणपिसे काका हातात स्टीलचा चमचा धरून उभे होते. त्यांनी "केस्क से?" म्हणजे "हे काय आहे?" असं फ्रेंचमध्ये विचारलं आणि मी "क्वियेर" म्हणाले. चमच्याला फ्रेंचमध्ये क्वियेरच म्हणतात, त्यात माझा काही दोष नाही. तर काकांनी चमचा टेबलावर आपटला. "अहो जगताप, तुम्हाला येतंय तर मी शिकवू कुणाला? जरा चुका की. मनापासून चुका."

हे कुठे चाललं होतं ते सांगते. पुण्यात विद्यापीठात आम्ही फ्रेंचचे शिक्षक व्हायला शिकत होतो. त्यात 'पाठ' नावाचा एक प्रकार असतो. एकाने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन समोर बसायचं आणि मॅडमनी मागच्या बाकावरून गुण द्यायचे. यात एक अलिखित सोय असते. तुम्ही माझ्या पाठात पटापट बरोबर उत्तरं द्या, मी तुमच्या पाठात देते, म्हणजे सगळ्यांचेच पाठ झकास होतात. वर्षानुवर्षं ही सोय सुरळीत चालली होती. रणपिसे काका आले आणि तिची पार वाट लागली.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना संध्याकाळच्या वर्गांना जाऊन हौसेने फ्रेंचच्या परीक्षा दिलेल्या. पुण्यात अशी माणसं असतात. त्यांचं फ्रेंच आमच्यापेक्षा चांगलं होतं, हे मी रागातही कबूल करते. पहिल्या दिवशी ओळख करून देताना ते म्हणाले, "मला फ्रेंच येतं. शिकवता येत नाही. ते शिकायला आलोय." आम्हाला वाटलं, विनय आहे. विनय वगैरे काही नव्हता, त्यांना खरोखरच शिकवता येत नव्हतं.

चिडायला त्यांना कुठलंही निमित्त पुरायचं. कुणी प्रोजेक्टर लावला की, चित्रातला चमचा हातात धरता येतो का, असं विचारायचे. मुलं मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतात, असं कुणी म्हणालं की, मार्क पाडायला भूमिती आहे, भाषा बोलायला असते, असं सुनावायचे. आणि माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ. एकदा माझ्या पाठात वर्गातली एक मुलगी शब्द विसरून अडकली. मी चटकन तिचं वाक्य पूर्ण केलं. काका विद्यार्थ्याच्या भूमिकेत होते, तरी उभे राहिले. "थांबा. ती शब्द शोधतेय. शोधू द्या. तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय?" माझा पाठ, माझे गुण आणि ह्यांचं प्रवचन. माझं डोकं सणकलं.

स्वतःचा पाठ मात्र कायम एकच. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात चमचा, किल्ली, कंगवा, वाटी. एकेक वस्तू काढायची आणि विचारायचं, केस्क से. सगळा वर्ग भूतकाळ, भविष्यकाळ करत पुढे गेला आणि काका वाटीपाशीच. मॅडम म्हणायच्या, रणपिसे, आता पुढे सरका. काका मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात तीच पिशवी घेऊन यायचे.

शेवटचा पाठ खऱ्या शाळेत, जोडीने घ्यायचा होता आणि दोघांना मिळून एकच श्रेणी होती. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या नशिबात कोण आलं असेल हे सांगायलाच नको. त्यात शाळा हडपसरची, माझ्या घराजवळची, तिथे फ्रेंचची जागा रिकामी, आणि मुख्याध्यापिका स्वतः पाठाला बसणार होत्या. मला ती नोकरी हवी होती. मी रात्रंदिवस खपून रेल्वे स्टेशनवर तिकीट काढायचा धडा तयार केला होता. ठरलं असं की अर्धा तास काकांचा आणि उरलेला अर्धा माझा.

काकांनी चमचा काढला. नववीचा वर्ग एका सुरात "क्वियेर" म्हणून ओरडला. काकांचा चेहरा पडला. त्यांनी हात जोडून मुलांना विनंती केली की कुणीतरी चुका. नववीच्या मुलांना आणखी काय हवं? कुणी चमच्याला घोडा म्हणालं, कुणी आजी म्हणालं, एकाने तर थेट मुख्याध्यापिका म्हटलं. काका भडकले. ही टवाळी आहे, मनापासून चुकणं वेगळं असतं, हे ते मुलांना समजावत राहिले आणि घंटा झाली. माझी तिकीट खिडकी उघडलीच नाही. मुख्याध्यापिका जाताना मला म्हणाल्या, "छान. पण आमच्याकडे शिकवायचं असतं."

मॅडमनी पाठ पुन्हा घ्यायला सांगितला, त्याच जोडीने. मी त्या रविवारी तडक येरवड्याला काकांच्या घरी गेले. तुम्हीच मॅडमना सांगा आणि ही जोडी मोडा, एवढंच बोलायचं होतं, आणि वाटेत ते मी चांगलं घोकलं होतं.

दार उघडंच होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. समोर स्टुलावर काका, मांडीवर तीच पिशवी. त्यांनी किल्ली वर धरून हळूच विचारलं, "केस्क से?" बाई बराच वेळ किल्लीकडे बघत राहिल्या. काका थांबले. मग त्या म्हणाल्या, "फ... नेत्र." फनेत्र म्हणजे खिडकी. आणि हा माणूस, ज्याला मी वर्षभरात कधी हसताना पाहिलं नव्हतं, खुशीत मांडीवर थाप मारून हसला. बाईही हसल्या.

मला पाहून काका बाहेर आले. "माझी बायको, शालिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. झटका आला आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणतात, बोलतं ठेवा. पण मराठीत ती तोंडच उघडत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःची चूक तिला लगेच कळते. मग रडते. फ्रेंच तिला कधी येतच नव्हतं. त्यात चुकली तर लाज कसली?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकणाऱ्याला कसं शिकवायचं, तेवढंच मला शिकायचं होतं. तुम्ही सगळे हुशार निघालात."

मला प्रचंड राग आला. त्यांचाच आला. हे आधी सांगता येत नव्हतं का? वर्षभर मी या माणसाला मनात काय काय म्हटलं होतं, आणि आता घोकलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

त्यांनी मला आत नेऊन काकूंच्या शेजारी बसवलं. पिशवीतून चमचा काढला आणि सवयीने माझ्यासमोर धरला. "जगताप, केस्क से?"

क्वियेर अगदी ओठांवर होतं. मी ते गिळलं. चमच्याकडे बघत, आठवतंय असं करत, म्हणाले, "फनेत्र."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भुवया चढल्या. नकारार्थी मान हलली, अगदी आमच्या मराठीच्या बाई हलवायच्या तशी. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मधे बोलायचं नाही, हे मला आता कळत होतं.

"क्वि... येर," काकू म्हणाल्या. मग डाव्या हाताचं बोट माझ्याकडे रोखून, स्वच्छ मराठीत, "पुन्हा म्हण."

काका एकदम उठले. चहा टाकतो असं काहीतरी पुटपुटत आत गेले, पण आतून भांड्याचा आवाज काही आला नाही.

काकू माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा चुकले.