कंबर सांगा, मगच बोला!

"आवाज चोरतील हो, पण कंबर कशी चोरतील?" असं म्हणत शिंपीमास्तरांनी मोबाईलवरची बातमी बंद केली आणि मिशीवरून हात फिरवला.

बातमी अशी, की आता कॉम्प्युटर कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो आणि भामटे त्या आवाजात फोन करून लोकांना गंडवतात. सगळी गल्ली धास्तावली, मास्तर नाहीत! गिऱ्हाइकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. फोन आला की आधी कंबर विचारायची. जुळली तर माणूस खरा, नाहीतर फोन कट!

"स्वतःची कंबर कोण विसरतं?" मास्तर म्हणाले.

"विसरायचा प्रश्नच नाहीये," काजं करता करता बायको म्हणाली. पण मास्तरांचं लक्ष कुठलं!

सकाळीच औषधवाल्याचा फोन. "मास्तर, पँट झाली का?"

"कंबर?"

"काय?"

"कंबर सांगा!"

"चौतीस."

मास्तरांच्या डोक्यात अडतीस होती. "चोर कुठला!" फोन कट. पाठोपाठ मेहुण्याचा फोन. त्याने तर बत्तीस सांगितली! मास्तर हबकले. "अगं, तुझ्या भावाचाही आवाज चोरला की!"

दुपारी समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. याच फोनची मास्तर महिनाभर चातकासारखी वाट बघत होते. तयार कपड्यांनी धंदा पार बसवला होता. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं तर दुकान तरणार, नाहीतर शटर कायमचं खाली!

"मास्तर, गणवेशाचं काम तुम्हाला द्यायचं ठरलंय. फक्त हो म्हणा."

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

"सर, कंबर?"

"अहो, मी स्टाफरूममध्ये आहे!"

"कुठेही असा. कंबर?"

सर घुटमळले. "छत्तीस."

"भामट्या!" मास्तर गरजले. "बेचाळीसचे सर छत्तीसवर कसे आले रे?"

फोन स्पीकरवर असावा, कारण पलीकडे अख्खी स्टाफरूम खो खो हसली. मास्तरांनी फोन आपटला.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते सरच होते!"

"कशावरून?"

"खोटं बोलले त्यावरून!"

तेवढ्यात रस्ता ओलांडून सर दारात हजर, लालबुंद. "काम दुसऱ्याला देतोय! तोंडावर सांगायला आलो!"

मास्तर हात जोडत उठले. पण जन्माची सवय! "सर, एकदा खात्री करून घेतो," म्हणत त्यांनी टेप सरांभोवती गुंडाळलीसुद्धा. "चव्वेचाळीस!" तोंडातून निघून गेलं.

सर पाय आपटत वळले. बायकोने झटकन टेप हिसकावली आणि आकड्याकडे न बघताच म्हणाली, "छे हो, छत्तीसच! यांनी टेप उलटी धरली. चष्मा बदलायला झालाय यांचा."

सरांचा चेहरा खुलला. पोट आत घेऊन ते म्हणाले, "बाई, काम तुमच्याच दुकानाला. पण मुलांची मापं तुम्ही घ्यायची. यांना शाळेत आणू नका!"

सर गेले आणि मास्तर खुर्चीत कोसळले. "दुकान वाचलं गं! पण इतकं धडधडीत खोटं?"

"धंदा आहे तो."

मास्तरांनी टेप उचलून गळ्यात अडकवली. मग हळूच म्हणाले, "आणि माझी किती गं कंबर?"

बायकोने त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "तुमची? तीस."

स्वतःची पँट स्वतःच बेतणारे मास्तर ते ऐकून संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते.