गढीवरचं रजिस्टर

चाकणजवळच्या त्या गढीत शिरायचं तर आधी रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. आत जाताना 'इन', बाहेर पडताना 'आउट', वेळेसकट. गढीचं निम्मं छप्पर गेलंय. ज्या सरदारानं बांधली, तो लढाईवर गेला तो परत आलाच नाही. त्यालाही पिढ्या लोटल्या. तरी सोपानतात्या विचारणारच, "कुणाला भेटायचंय?"

तात्या आमच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. बड्या साहेबाचीही डिकी उघडून बघायचे. रिटायर होऊन गढी राखायला लागले. कंपनी सुटली, रजिस्टर काही सुटलं नाही. "आगबिग लागली तर आत किती माणसं, कळाया नको व्हय?" हे त्यांचं पालुपद. त्या दगडधोंड्यांत जळण्यासारखं काय आहे, देव जाणे.

आता गढी माझ्या मेव्हण्यानं विकत घेतलीय. लग्नाचं लॉन करायचंय म्हणे. तात्या किल्ल्या देईनात. "तुझं ऐकतील," म्हणून रविवारी दुपारी त्यानं मला पिटाळलं. म्हटलं, म्हाताऱ्याला गोडीगुलाबीनं गुंडाळू, त्यात काय.

'इन' लिहून आत गेलो. रस्त्यावर कंटेनर धडधडत होते. देवडी ओलांडली आणि आवाज बंद. ओसरी झाडलेली. तिथं पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र. तात्या तांब्याजवळच्या रिकाम्या जागेकडं वाकून हळूच म्हणाले, "पाव्हणं आल्यात. आपलंच हायेत." मग उत्तर ऐकल्यासारखी मान हलवली.

"आत्ता आत किती जण, तात्या?" मी मुद्दाम विचारलं.

"तिघं."

मी तांब्याकडं बघितलं. "तिसरे... सरदार?"

"त्यांचा आउट हाय की. लढाईवर गेलं न्हवं का ते." तात्या चिडलेच.

त्यांनी काखेतल्या रजिस्टरचं एक जुनं पान काढलं. सौ. पार्वती. इन बारा-दहा. काम: डबा. आउटचा रकाना कोरा होता.

"हितंच बसली हुती. हात धुऊन येतो म्हणलं, आलो तर मान टाकलेली." तात्यांनी फुलपात्र उगाच सारखं केलं. "चौघांनी बाहेर नेली. पर माझ्या हातानं आउट लिव्हवना."

मला माझीच लाज वाटली.

गेटवर मी माझा 'आउट' लिहिला. तात्यांनी आपणहून किल्ल्या पुढं केल्या. "न्या. मालकाचं हाय ते. फकस्त सांगा त्यास्नी, आत माणूस असताना गेटाला कुलूप लावत न्हाईत."

किल्ल्या मी त्यांच्याच खिशात घातल्या आणि रस्त्यावर येऊन मेव्हण्याला फोन लावला.

"कुलूप लागायचं नाही. आत माणूस आहे."

"कोण?"

"तात्यांच्या घरच्या," मी म्हणालो.