धर्माकाकाचा शेक

“आजून मीठ तापव, हा गार झायला,” धर्माकाका सुनेवर ओरडत होता. त्याचं ओरडणं साधंसुधं नव्हे. रेवसच्या बंदरावर त्यानं हाक मारली की येणारी भरती निम्म्यात थबकायची, हे मी शपथेवर सांगतो. मी त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहणारा शाळामास्तर. मास्तरच्या शपथेवर संशय घेऊ नये.

काका मिठागरावरचा जुना माणूस. फडक्यात गरम मीठ बांधून शेकलं की जगातलं कुठलंही दुखणं पळतं, अशी त्याची श्रद्धा. “मना इचार,” म्हणायचा आणि कुणी विचारायच्या आत शेकायला बसायचा. गावाच्या दाढा शेकल्या, बैलाचं वशिंड शेकलं, माझं बंद पडलेलं घड्याळसुद्धा शेकलं. ते चाललं. उलटं चाललं, पण चाललं.

त्या दिवशी मात्र फडकं त्याच्या बायकोच्या, आनंदीकाकूच्या पायांवर होतं. सकाळी चुलीपुढून उठताना तिच्या कमरेत कळ आली आणि दोन्ही पाय लुळे पडले. पांढरे, माशाच्या पोटासारखे गार.

“काका, लाँच सुटतेय. मुंबईला नेऊ,” मी म्हणालो.

“मास्तर, तू पोरांना पाढे शिकव. ऊब दिली का रगत धावंल. मना इचार.”

काकू आढ्याकडे बघत म्हणाली, “पायांना काय कलतच न्हाय.”

लाँच गेली. काका शेकत राहिला. दुपारी बोटं काळीनिळी पडली तेव्हा कुठं त्याचा आवाज बसला, आणि पुढच्या लाँचनं आम्ही काकूला खाटेसकट नेलं.

इस्पितळात त्याच संध्याकाळी सर्जननी पोट उघडलं. काकूच्या हृदयाची झडप कधीपासूनची खराब. तिथं धरलेली रक्ताची गुठळी सुटली होती आणि महाधमनीला दोन पायांचे फाटे फुटतात नेमकी तिथं जाऊन बसली होती. ती त्यांनी काढली. डाव्या पायात धुगधुगी आली. उजव्याला उशीर झाला होता. चार दिवसांनी तो मांडीतून कापला.

डाव्यावर पोळल्याचे फोड होते. सर्जन पट्टी बदलत होते. जन्मात कुणाला काही न विचारलेला काका पायथ्याशी उभा होता. मला कान द्यावा लागला इतक्या हळू तो म्हणाला, “सायेब, माज्या शेकानं गेला काय पाय?”

सर्जन उत्तर द्यायच्या आत बोलली ती काकू.

“शेक बरा वाटत व्हता मना.”